किल्ल्याबाहेरचा सेनापती

दिवाळीची सुट्टी आठ दिवसांवर आली की आमच्या वाडीत माती कालवायला सुरुवात होते. केळीच्या बागेतली काळी माती, विहिरीच्या कठड्याचे निखळलेले दगड, फुटक्या विटा आणि एक जुने गोणपाट एवढ्या भांडवलावर मुले किल्ला उभारतात. वरच्या टोकाला सिंहासन, सिंहासनावर शिवाजीमहाराज, खाली पायऱ्यापायऱ्यांवर मावळे, आणि उतारावर पेरलेले अळीव. वर्षानुवर्षे हा आराखडा ठरलेला आहे. त्यात कोणी फेरफार केल्याचे मी पाहिले नव्हते.

गेल्या दिवाळीत मात्र पोरांनी ठरवले की या खेपेला रायगड नको, प्रतापगड नको, आपला वसईचा किल्ला करायचा. यात थोडा दोष माझा. दोनच महिन्यांपूर्वी मी वर्गाची सहल किल्ल्यात नेली होती आणि भुई-दरवाजापासून दर्या-दरवाजापर्यंत घसा बसेस्तोवर बोललो होतो. वसईचा किल्ला म्हणजे डोंगर नव्हे. तो सपाट जमिनीवर, खाडीच्या तोंडाशी पसरलेला आहे. त्यामुळे मुलांची पंचाईत झाली. सिंहासन ठेवायला शिखरच नाही! आणि दुसरी पंचाईत त्याहून मोठी. माझा पुतण्या हातात मातीचा घोडेस्वार घेऊन आला आणि म्हणाला, "काका, चिमाजीअप्पांना कुठं ठेवू?"

"बाहेर," मी म्हणालो. "उत्तरेच्या अंगाला, वाळूत."

"बाहेर? आपला सेनापती किल्ल्याबाहेर?"

त्याच्या शेजारी माझ्याच वर्गातला, पलीकडच्या वाडीतला एक ख्रिस्ती मुलगा तटाला चिखल थापत बसला होता. भाताची तूस मिसळलेला चिखल तो असा काही सफाईने लिंपत होता की पोर्तुगीज गवंड्याने शाबासकी द्यावी. त्याने मान वर न करताच विचारले, "सर, मग आमची माणसं कुठं ठेवायची? आत की बाहेर?"

वर्गात असतो तर "प्रश्न चांगला आहे, उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली असती. शिक्षकाला एवढी सोय असते. अंगणात ती नव्हती. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. कादंबऱ्या लिहितो, शाळेत शिकवतो, आणि वसईत राहतो म्हणून चिमाजीअप्पाच्या मागे लागलेला माणूस आहे. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून पोरांना जे सांगितले आणि जे त्यांच्या वयाला पेलणार नाही म्हणून सांगितले नाही, ते दोन्ही इथे मांडतो.

चिमाजीअप्पाचे सगळ्यात मोठे दुर्दैव म्हणजे तो बाजीरावाचा भाऊ होता. आणि सगळ्यात मोठे भाग्यही तेच. बाळाजी विश्वनाथ 1720 सालच्या एप्रिलात वारले आणि पंधरा दिवसांत शाहूमहाराजांनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावाला दिली. बाजीरावाला तेव्हा विसावे वर्ष चालू होते, चिमाजी त्याहून बराच लहान. पुढची वीस वर्षे या दोघा भावांनी कामाची जी वाटणी केली ती कागदावर कुठेच लिहिलेली नाही, पण तिच्यावर मराठी राज्य हिंदुस्थानभर पसरले. थोरल्याने घोडा दौडवावा. धाकट्याने पुणे सांभाळावे, साताऱ्याच्या दरबारातली कुजबुज निस्तरावी, सावकारांची कर्जे, सरदारांचे रुसवेफुगवे, दारूगोळा आणि दाणावैरण यांचा मेळ घालावा. आजच्या भाषेत थोरला सरसेनापती आणि धाकटा युद्धमंत्री. फरक इतकाच की या युद्धमंत्र्याला वेळ पडली की दौत मिटून स्वतःच रिकिबीत पाय घालावा लागे.

आणि तो घालीही चांगला. 29 नोव्हेंबर 1728 रोजी माळव्यात अमझेऱ्याला त्याने मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दया बहादूर या दोघांना एकाच दिवशी लढाईत गारद केले. माळव्याचे दार उघडले ते त्या दिवशी. पुढे दोन वर्षांनी, 1730 च्या ऑगस्टात, घरी मुलगा झाला, सदाशिव. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुलाची आई रखमाबाई गेली. पोर आजीच्या, राधाबाईंच्या, मांडीवर वाढले. बाप मोहिमांवर. 1736 च्या एप्रिलात अलिबागेजवळ रेवसच्या बाजूला सिद्दी सातावर चालून जाऊन चिमाजीने त्याला रणात मारले, आणि कोकण किनाऱ्याला कित्येक वर्षे छळणारी जंजिऱ्याच्या हबशांची धास्ती पुष्कळ उणी झाली.

मग आली वसई.

वसई पोर्तुगीजांकडे गेली ती लढाईने नव्हे, तहाने. 1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या भयाने ती देऊन टाकली. त्यानंतर दोनशे पाच वर्षे फिरंगी इथे राहिले. दगडी प्रासाद बांधले, देवालये बांधली, आणि जुनी देवळे पाडली; अनाथ पोरांचा बाप्तिस्मा, सणावारांना बंदी, गोव्याच्या धर्मसभेचा धाक हेही त्याच हिशेबात येते. हे सांगताना मी कुठलेच पान गाळत नाही. माझ्या वर्गात ज्यांचे पूर्वज त्या काळात ख्रिस्ती झाले ती मुले बसतात आणि ज्यांचे पूर्वज घर सोडून पळाले तीही बसतात. दोघांच्या डब्यात सुकेळी मात्र एकाच आगाशीची असतात. या जुलमाच्या तक्रारी घेऊन भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पुण्याला खेटे घालीत होते. त्यांना वाटा ठाऊक होत्या, खाड्यांचे उतार ठाऊक होते, आणि कोणत्या नाक्यावर किती पहारा हेही ठाऊक होते. मोठ्या सेनापतीच्या मागे असा एखादा अंजूरकर नेहमी असतो. त्याचा पुतळा सहसा होत नाही.

1737 च्या मार्चअखेर मराठे साष्टीत उतरले. ठाण्याचा किल्ला अजून बांधून पुरा व्हायचा होता; तो पहिल्याच सपाट्यात पडला. आमच्या इथला अर्नाळाही त्याच साली आला. सगळ्यांना वाटले, आता वसई काय, आठ दिवसांची बाब. पावसाळ्यात रात्री शिड्या लावून तट चढायचे प्रयत्न झाले आणि माणसे गमावून फसले. शिडीने वसई येत नाही हा धडा मराठ्यांनी त्या पावसाळ्यात घेतला. मी तर म्हणेन, वसई घेतली ती त्या धड्याने.

वसईच्या किल्ल्याची जागा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. तीन अंगांनी पाणी आणि गुडघाभर चिखल. घोडा तिथे रुततो, तोफ तर त्याहून आधी रुतते. फक्त उत्तरेचे अंग जमिनीला लागलेले, आणि तिथे नुसती वाळू. तटावरून सुटलेली प्रत्येक गोळी त्या उघड्या वाळूत माणूस शोधीत येणार. तेव्हा वसई घ्यायची तर आधी वसईच्या भोवतीचे सगळे घ्यायला हवे, आणि मगच वसई. एवढे धिम्मे काम बाजीरावाच्या स्वभावात नव्हते. चिमाजीच्या होते.

1737-38 चा हिवाळा त्याला तापीकाठी वरणगावच्या बाजूला काढावा लागला. भोपाळला बाजीरावाने निजामाला कोंडले होते, आणि निजामाच्या पोराने, नासिरजंगाने, दक्षिणेतून कुमक घेऊन जाऊ नये म्हणून धाकट्या भावाने वाट अडवून बसायचे. त्या मोहिमेत चिमाजीच्या वाट्याला लढाई आली नाही. नुसते बसणे आले. पण तो तिथे बसला होता म्हणून भोपाळ झाले. युद्धमंत्र्याची कामगिरी बहुधा अशीच असते. तिच्यावर पोवाडा रचता येत नाही.

1738 सरता सरता तो पुन्हा कोकणात उतरला. त्या डिसेंबरात ठाणे परत घ्यायला आलेला पोर्तुगीजांचा सरदार पेद्रु द मेलु ठाण्याच्या खाडीत गोळी लागून पडला. 1739 च्या जानेवारीत केळवे-माहीम आणि तारापूर आले. तारापूरच्या तटाशी बाजी भिवराव रेठरेकर पडला. पेशव्यांच्या घरात भावासारखा वाढलेला माणूस. मार्चपर्यंत वेसावे आणि खाडीपलीकडचे धारावीचे ठाणे हातात आले. दर्यावर मानाजी आंग्र्याची गलबते. तिकडे गोव्यात इचलकरंजीकर व्यंकटराव घोरपडे, पेशव्यांचे मेहुणे, साष्टी प्रांतात घुसून मडगावात बसले, म्हणजे गोव्याच्या विजरईला वसईची आठवण काढायलाही उसंत नको. राहिले मुंबईचे इंग्रज. त्यांनी वसईकरांना दिलासा भरपूर दिला आणि रोख रक्कम दिली ती देवळातली चांदीची उपकरणी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन! मुंबईच्या पेढीची रीत तेव्हापासूनची आहे, असे आमच्याकडचे एक म्हातारे गृहस्थ म्हणत.

ही सगळी दोरी एका हातात धरून चिमाजीअप्पा फेब्रुवारीच्या मध्याला वसईपुढे येऊन बसला. मल्हारराव होळकर आले, राणोजी शिंदे आले. किल्ल्यात पोर्तुगीजांचा सेनापती सिल्वेरा द मेनेझिस शर्थीने लढत होता. तो वेढ्याच्या आरंभीच गोळी लागून गेला आणि कायतान द सौझ परैरा याच्याकडे अधिकार आला. त्या शिबंदीविषयी दोन शब्द चांगले लिहायला हवेत. गोव्याकडून कुमक नाही, मुंबईकडून तोंडदेखली, दर्या बंद, आणि तरी त्यांनी तीन महिने तट सोडला नाही. असल्या शत्रूशी गाठ पडली म्हणून चिमाजीअप्पा मोठा. उगाच घाबरटांना पळवून कोणी मोठा होत नाही.

आपल्याकडे चिमाजीअप्पाची एकच गोष्ट सांगतात. वेढा लांबला, माणसे पडू लागली, तेव्हा अप्पा संतापून म्हणाले, किल्ला हाती येत नसेल तर तोफेच्या तोंडी माझे मस्तक बांधा आणि उडवा, म्हणजे निदान ते तरी किल्ल्यात पडेल. ही दंतकथा आम्हाला पहिल्या इयत्तेपासून पाठ आहे. वज्रेश्वरीला केलेल्या नवसाचीही आहे. तिचे देऊळ वसई सर झाल्यावर बांधले अशी परंपरा सांगते आणि देवळाचा किल्ल्यासारखा दरवाजा आजही ती आठवण राखून आहे. या कथा मला आवडतात. पण त्यांनी एक अन्याय झाला. मस्तक उडवायला एक क्षण लागतो. अप्पाने तिथे तीन महिने ते खांद्यावर जाग्यावर ठेवले, आणि हे अधिक कठीण. पेशवे दप्तरातले कागद सरदेसायांनी छापून काढले, त्यातला एक खंड या मोहिमेला वाहिलेला आहे. तो वाचताना शौर्यापेक्षा जास्त भेटतात ते मोर्चे, सुरुंग, दारू, माणसांची ने-आण आणि पैशाची ओढ. छातीचे दुखणे जडलेला एक माणूस वाळूत तंबू ठोकून या सगळ्याचा हिशेब ठेवतो आहे, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते.

घाई तर चहूकडून होती. मार्चात नादिरशहा दिल्लीत शिरला, शहरात कत्तल उडाली, आणि बाजीरावाच्या मनात एकच विचार, वसई आटपून फौजा उत्तरेला कधी वळतात. दुसरी घाई आभाळाची. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पाऊस कसा कोसळतो हे वसईकराला सांगायला नको. वाळूखालचे सगळे सुरुंग पाण्याने भरले असते आणि पुन्हा दसऱ्याची वाट. याच वेळी दुसरा कोणी असता तर त्याने शिड्या मागवल्या असत्या. चिमाजीने बेलदारांना आणखी खणायला लावले.

13 मे रोजी उत्तरेच्या सां सेबास्त्यांव बुरुजाखालचे सुरुंग पेटले. (जुन्या पुस्तकांत ही तारीख 2 मे दिसेल. इंग्रज तेव्हा जुने पंचांग चालवीत, पोर्तुगीज नवे. मध्ये अकरा दिवसांचे अंतर. मी नव्याप्रमाणे देतो.) बुरूज फुटला, भगदाड पडले, आणि मराठे हर हर महादेव करीत धावले. इतक्यात मागे राहिलेला एक सुरुंग उडाला. आपलाच सुरुंग, आपल्याच माणसांखाली. जे सगळ्यांच्या पुढे होते, ते गेले. तटावरून हातगोळे आणि पेटती लाकडे येत होती ती वेगळीच. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग, पुन्हा चढाई, आणि या खेपेला मराठे बुरुजावर टिकले. 16 मे रोजी तहाचा कागद झाला. या वेढ्यात मराठ्यांची पाच हजारांच्या आसपास माणसे कामी आली असे मानतात, पोर्तुगीजांची आठशे. विजय कोणाचा हे या आकड्यांवरून कळत नाही. किंमत कोणी दिली ते कळते.

आता मी ज्यासाठी हे सगळे लिहीत आहे तो भाग. एवढी माणसे घालवून आत शिरलेल्या फौजेला सेनापतीने काय करू दिले असते तर आश्चर्य वाटले नसते, हे वाचकांनी आपल्या मनात पाहावे. त्याच मार्चात दिल्लीचे काय झाले ते ताजे होते. चिमाजीअप्पाने वसईच्या शिबंदीला आठवडाभराची मुदत दिली. हत्यारांसह, निशाणे लावून, नगारे वाजवीत त्यांनी बाहेर पडावे. बायकामुले आणि चीजवस्तू न्यावी. जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा. 23 मे रोजी ते गलबतांत बसून गेले आणि तटावर भगवे निशाण चढले. घंटा मात्र गेल्या नाहीत. त्या मराठे सरदारांनी नेल्या, आणि आज नाशकात नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकराला, मेणवलीच्या घाटावर वाजतात. मुले त्या गोष्टीला टाळ्या देतात. मी टाळी देत नाही, हळहळतही नाही. पाडलेल्या देवळांचा हिशेब आणि उतरवलेल्या घंटांचा हिशेब एकाच वहीत आहे, एवढेच सांगतो. पण तहात लिहून दिलेला शब्द टिकला. गोरे पाद्री आणि जमीनदार गेले. इथली वाडी कसणारी, इथली बोली बोलणारी ख्रिस्ती माणसे राहिली. रमेदीला, सांडोरला, पापडीला, नंदाखालला आजही ती आहेत. चिमाजीअप्पाची वसई तीच.

त्यानंतरचे दीड वर्ष थोडक्यात सांगायचे, कारण ते सुखाचे नाही. 1740 च्या आरंभी दोघे भाऊ मिळून नासिरजंगावर गेले. त्याच सुमारास मस्तानीला पुण्यात अटकेत ठेवले गेले, आणि त्यात चिमाजी व नानासाहेब यांचा हात होता. अलीकडच्या एका गाजलेल्या चित्रपटाने हे घरोघर पोहोचवले आणि अप्पाला खलपुरुषाच्या रांगेत बसवले. त्याचे समर्थन मी करणार नाही. घराची अब्रू सांभाळण्यात तो भावाचे मन सांभाळू शकला नाही. वसईच्या शत्रूला दिली तेवढी सवलत त्याने घरच्या बाईला दिली नाही, असेही कोणी म्हणेल तर मी गप्प राहीन. 28 एप्रिलला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला. चिमाजी तेव्हा कोकणात, आंग्र्यांच्या भांडणात, कुलाब्याला होता. शेवटची भेट नाही. पुण्याला येऊन त्याने पुतण्याला पेशवाईची वस्त्रे मिळतील असे पाहिले, चौलचे प्रकरण पोर्तुगीजांशी तहाने मिटवले, आणि त्याच सालच्या डिसेंबरात तोही गेला. भावामागे आठ महिनेसुद्धा पुरे काढले नाहीत. चाळिशी पाहिली नाही. दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. मागे राहिला दहा वर्षांचा सदाशिव, जो पुढे भाऊसाहेब म्हणून पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी पडला. वेढा कसा धरावा, कधी थांबावे, कधी तहाला हो म्हणावे हे बापाने त्याला शेजारी बसवून सांगायचे वय यायचेच होते.

किल्ल्यांचे नशीबही चमत्कारिक. त्याच 1739 सालच्या सप्टेंबरात तिकडे युरोपात बेलग्रेडचा बळकट किल्ला ऑस्ट्रियाने तहाच्या मेजावर तुर्कांना देऊन टाकला. आणि ज्या वसईसाठी पाच हजार माणूस वाळूत पुरले तिथेच 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तह केला. हा बाजीराव चिमाजीच्या भावाचा नातू. आणि त्याच्या धाकट्या भावाचेही नाव चिमाजीअप्पाच होते.

हे सगळे काही त्या संध्याकाळी मी पोरांना सांगितले नाही. सती, मस्तानी वगळली. पण तहाची कलमे सांगितली, आणि मागे उडालेला सुरुंगही. ख्रिस्ती मुलगा ऐकत होता. त्याने किल्ल्याच्या आत टोपीवाले चार शिपाई ठेवले, वाळूत अप्पा. मग उठून विहिरीकडे गेला, ओंजळभर माती आणली आणि किल्ल्यापासून हातभर लांब, केळीच्या खुंटाच्या सावलीत, तीन घरे थापली. त्यांच्यापुढे बोटाएवढी माणसे.

"ही आमची," तो म्हणाला.

माझ्या पुतण्याने थोडा वेळ पाहिले आणि आपली दोन माणसेही तिथे नेऊन ठेवली. "आमचे आजोबा पण वाडीतच होते ना, काका? ते कुठं लढत होते?"

मला काही बोलायचे कारण उरले नाही.

भाऊबीजेच्या रात्री, रिवाजाप्रमाणे, किल्ला उडवायचा कार्यक्रम झाला. सेबास्त्यांव बुरुजाखाली सुतळी बॉम्ब पुरले, दोन. एक उडाला, मातीचा बुरूज फुटून पार तुळशीवृंदावनापर्यंत गेला. दुसरा उडाला नाही. सगळी पलटण आरडत भगदाडाकडे धावणार तोच त्या ख्रिस्ती पोराने दोन्ही हात पसरून आडवे होत ओरडून सांगितले, "थांबा रे! मागचा राहिलाय!"

पोरे थबकली. आम्ही बराच वेळ वाट पाहिली. शेवटी मी विहिरीवरून बादली आणून ओतली, आणि आईने आतून हाक मारली की फराळाची ताटे केव्हाची मांडली आहेत, दोघांचीही.